जालन्याला गोल का झाला नाही

निजामाच्या राज्यातल्या तेराशे पंचेचाळीस फसली सालच्या बहमन महिन्यात, म्हणजे बाकीचं जग ज्याला डिसेंबर म्हणत होतं त्या महिन्यात, औरंगाबादची आमची फुटबॉल टीम जालन्याला जाऊन एक-शून्य अशी हरून आली. हरल्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. हरून परत येणं आम्हाला एव्हाना चांगलं जमायला लागलं होतं. परतीच्या रेल्वेत आम्ही जिंकलेल्या टीमपेक्षा जास्त दंगा करायचो. काळजी होती ती त्या शून्याची. बाहेरगावच्या टीमशी खेळायला आम्ही त्याच वर्षी सुरुवात केली होती. जालन्याची मॅच चौथी, आणि चारही मॅचमध्ये मिळून आमच्या पाच फॉरवर्डनी एकही गोल केला नव्हता.

मी गोलकीपर होतो. गोलकीपरला स्वतःच्या टीमचा हल्ला नेहमी पाठीमागून दिसतो, आणि आमचा हल्ला पाठीमागून फार देखणा दिसायचा. डाव्या कडेनं सांडू वाऱ्यासारखा पळायचा, मधे फारूख बॉल असा अलगद पुढे द्यायचा की जणू पानाचा विडा देतोय, आणि कन्नड गावाकडचा कडूबा, आमचा सेंटर फॉरवर्ड, तो बॉल घेऊन समोरच्यांच्या गर्दीत शिरायचा. मग ती गर्दी थोडा वेळ हलायची. मग बॉल परत माझ्याकडे यायला निघायचा. मधे काय व्हायचं ते मला इतक्या लांबून कधी कळलं नाही.

ड्रिल मास्तर वहाबसाहेबांनाही कळलं नाही, कारण तेही माझ्याच शेजारी असायचे. मॅचला दोन्ही शाळांच्या मास्तरांनी झेंडा घेऊन आपापल्या गोलच्या बाजूला उभं राहायचं, अशी तेव्हा पद्धत होती. बॉल पलीकडे गेला की ते टाचा उंचावायचे, मान लांब करायचे आणि मला विचारायचे, “दिसतंय का रे काही?”

“पाठी दिसतात, साहेब.”

“कुणाच्या?”

“सगळ्यांच्या.”

जालन्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बॉल परत करायला सदरसाहेबांच्या खोलीत गेलो. सदरसाहेब म्हणजे आमचे हेडमास्तर. शाळेला एकच बॉल होता आणि तो त्यांच्या कपाटात, हजेरीच्या वह्यांच्या मधे कुलुपात राहायचा. वहाबसाहेब टेबलासमोर उभे होते. बॉल कपाटात ठेवायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट मी लावला, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकायला मिळालं.

“वहाबमियाँ, शिक्षणखात्यातून पत्र आलंय,” सदरसाहेब म्हणाले. “विचारतात, तुमच्या शाळेत फुटबॉल शिकवतात की दुसरं काही?”

“फुटबॉलच, जनाब.”

“मग चार मॅचमध्ये गोल?”

“गोलच्या जवळ जातात, जनाब. फार जवळ जातात.”

“किती जवळ?”

वहाबसाहेबांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले, थोडा विचार केला आणि आणखी जवळ आणले.

सदरसाहेब त्या हातांकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. पण वरून पत्र आलं की त्यांना घाम फुटायचा. “बारा दिवसांनी जालनेवाले इथं येतायत. जिंका असं मी म्हणत नाही. मी वाजवी माणूस आहे. एक गोल झाला पाहिजे. नाही झाला तर फर्दापूरच्या शाळेत जागा रिकामी आहे, आणि तिथं तुम्हाला पाठवा असं त्या पत्रातच लिहिलंय.”

फर्दापूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांजवळचं गाव. तिथल्या शाळेत तेव्हा सतरा मुलं होती, आणि त्यातली निम्मी अजून पाटीवर रेघोट्या ओढत होती. अकराजणांची टीम करायची तर एखादा म्हातारा चपराशी, एखादं बोकड धरून आणावं लागलं असतं. वहाबसाहेबांच्या घरात ते आणि फहमिदाबेगम दोघंच. मूल नव्हतं. ईदला त्यांच्या घरी शीरखुर्म्याचे अकरा कटोरे जास्तीचे मांडलेले असायचे, आणि दिवाळीत आमच्या घरचे अकरा प्रकारचे कडक लाडू ते न कुरकुरता खायचे. त्यांना फर्दापूरला पाठवणं म्हणजे काय, हे सदरसाहेबांनाही ठाऊक होतं. म्हणून ते बोलताना दौतीकडे बघत होते.

“पण गोल का होत नाही, ते तरी शोधलं पाहिजे,” ते म्हणाले. “पाचही जणांकडून कैफियत मागवा. लेखी.”

निजामाचं सगळं राज्य कैफियतीवर चालायचं. पूल पडला, कैफियत. घोडा मेला, कैफियत. तेव्हा गोल न झाल्याचीही कैफियत मागवली गेली यात कुणाला नवल वाटलं नाही. दोन दिवसांत पाचही कागद आले. उजव्या बाजूच्या दोघांनी एकमेकांची नक्कल केली होती, त्यामुळे जालन्यात दोघांचाही डावाच गुडघा आणि एकाच मिनिटाला दुखावला होता. सांडूनं लिहिलं होतं की मी फार वेगानं पळालो; जालन्याचं मैदान आपल्यापेक्षा आखूड असल्यामुळे ते संपलं तरी मला कळलं नाही. फारूखनं सुरुवात इतक्या अदबीनं केली होती की पानाच्या तळाशी तो अजून सदरसाहेबांच्या तब्येतीचीच चौकशी करत होता. गोलपर्यंत तो पोचलाच नाही. मैदानातही त्याचं साधारण असंच व्हायचं.

कडूबाची कैफियत दोन ओळींची होती. “गोल झाला नाही हे खरं आहे. गोल जवळच होता.”

वहाबसाहेबांनी पाचही कागद दोनदा वाचले, घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवले आणि आम्हाला म्हणाले, “यातून काही कळत नाही. चला मैदानावर. जालन्याची मॅच पुन्हा खेळायची. जो जिथं होता तिथं उभा राहील.”

आमचं मैदान शाळेमागे होतं. त्याला पक्का गोल एकच. त्याचे खांब सरकारनं चुन्यात रोवले होते. ते हलवायचे तर हैदराबादेहून मंजुरी आणावी लागली असती, आणि तोवर आमच्या मुलांनीही शाळा सोडली असती. दुसऱ्या टोकाला फक्त मॅचच्या दिवशी बांबू रोवायचे. पक्क्या गोलच्या बरोबर मागे मेहरुन्निसाबींचा ताणा असायचा. त्या हिमरूचं कापड विणणाऱ्या. मागावर चढवायच्या आधी उभं सूत लांबच लांब ताणून, काड्यांवर पसरून, एकेक धागा सारखा करावा लागतो, आणि त्यासाठी सरळ मोकळी जागा लागते. त्यांची गल्ली वाकडी होती. म्हणून त्या आमच्या गोलमागे बसायच्या, हातात कुंचा, तोंडात पान. आम्ही त्यांना नुसतं ‘बी’ म्हणायचो.

जालन्याचे दोन बॅक म्हणून वर्गातली दोन बाकं आणून ठेवली. जालन्याचा गोलकीपर मी. वहाबसाहेबांनी शिट्टी फुंकली.

सांडू पळाला. फारूखनं बॉल दिला. कडूबा पहिल्या बाकाला चुकवून, दुसऱ्याला वळसा घालून आला. जालन्याचा गोलकीपर त्या दिवशी पाय घसरून पडला होता, म्हणून मीही इमानदारीनं पडलो. समोर सताड उघडा गोल. कडूबानं बॉल रेषेच्या वीतभर अलीकडे आणला, त्यावर हळूच पाय ठेवला, थांबवला, आणि शाबासकीसाठी वळून बघितलं.

“पुढे?” वहाबसाहेबांनी विचारलं.

“पुढं काय, साहेब? हितंच जालन्याच्या त्या ढोल्या पोरानं माझ्या पायाखालून बॉल नेला.”

“पण तू थांबलास कशाला?”

“बीचं सूत हाय ना मागं.”

“इथं आहे. जालन्यात होतं का?”

कडूबानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “नव्हतं. तिथं म्हशी हुत्या.”

“मग?”

“मला ठावं हाय वो, साहेब. पायाला कोन सांगनार?”

वहाबसाहेब जालन्याच्या डाव्या बॅकवर, म्हणजे बाकावर, मटकन बसले.

नऊ वर्षांपूर्वी ते या शाळेत आले तेव्हा त्यांनी बींना शब्द दिला होता की तुमच्या सुताला बॉल लागणार नाही. आणि पोरांना नियम घालून दिला होता: गोलकडे लाथ मारायची नाही. बॉल रेषेपर्यंत हलक्या पायानं न्यायचा आणि पाय ठेवून थांबवायचा. थांबला की गोल. मुलं आली, मुलं गेली, नियम तसाच राहिला. वर्गावर्गांच्या मॅच व्हायच्या त्या आमच्याच मैदानावर, आमच्याच नियमानं, आणि त्यात धपाधप गोल व्हायचे. बाहेरच्या जगात बॉल खांबांच्या पार जावा लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. माहिती होती. ती पायांपर्यंत उतरली नव्हती.

माझ्याही डोक्यात त्याच क्षणी उजेड पडला. जालन्याचा तो एक गोल माझ्यावर कसा झाला? बॉल जोरात आला, मी त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबायची वाट बघत राहिलो. हे मी बोललो नाही. माझ्याकडे कैफियत कुणी मागितली नव्हती.

“साहेब, बीला सांगू या ना,” सांडू म्हणाला. “धा दिस फक्त. जरा बाजूला बस म्हनावं.”

“नाही.”

“न्हाई कसं? तुमाला फर्दापूरला धाडत्यात न्हवं?”

“तुला कुणी सांगितलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बुटाच्या नाडीत गुंतलो.

“त्यांचं पोट त्या सुतावर आहे,” वहाबसाहेब हळू आवाजात म्हणाले. “मी शब्द दिलाय. मी फर्दापूरला जाईन, पण त्या बाईला ऊठ म्हणणार नाही. हा विषय संपला.”

विषय संपला नाही, कारण बी वीस पावलांवर होत्या आणि त्यांचे कान चांगले होते.

“कौन जारा फर्दापूर?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“कुणी नाही, आपा. तुमचं चालू द्या.”

“साहेब जानार हायेत, बी,” कडूबा बोलून गेला. “गोल हुईना म्हून. तुमचं सूत हाय म्हून लाथ मारता येत न्हाई, म्हून गोल हुईना.”

वहाबसाहेबांनी डोळे मिटून घेतले. बींनी कुंचा खाली ठेवला, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, आणि धागे ओलांडून मैदानात आल्या. नऊ वर्षांत त्या रेषेच्या आत पहिल्यांदाच आल्या असतील.

“मास्टरसाब, मेरा काम तो जोहर की नमाज के पहलेच हो जाता.”

“म्हणजे दुपारीच?”

“हौ.”

“मग संध्याकाळपर्यंत ताणा पसरून कशाला बसता?”

“आपच बोले थे ना! पहले साल. ‘आपा, तुम्ही इथं असता म्हणून पोरं शिस्तीनं खेळतात.’ मैं सोची, उठ गयी तो मास्टरसाब की पोरट्यां बिघड जातीं. नौ साल से बैठ रयी मैं. धूप में. मेरी बहू रोज बोलती, अम्मा, घर में काम पडा है, तुम कायको बैठते वहाँ?”

वहाबसाहेब बाकावरून उठले.

“एकदा सांगायचं ना, आपा,” वहाबसाहेब म्हणाले.

“मैं कैसा बोलूँ? आपको बुरा लगता तो? आप एक बार पूछते!”

“मी कसं विचारणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं तर?”

दोघंही एकमेकांकडे बघत उभी राहिली. नऊ वर्षांची संकोचाची जुळणी, एका दमात उसवलेली. मग बी कडूबाकडे वळल्या. “और मैं समझी तुम लोगां का खेलच ऐसा है. रोज घर जाके बोलती थी, कितना सलीके का खेल है, गेंद को भी मारते नहीं.”

त्या दिवसापासून चारच्या आत ताणा गुंडाळून घरी जायला लागला. आम्हाला वाटलं, काम झालं. पण पायांना सूत दिसतच राहिलं. फारूख लाथ मारायचा, पण मारण्याआधी इतका तोल सावरायचा की बॉल वाट बघून कंटाळायचा. सांडूनं एक जोरात मारला. तो उस्मानपुऱ्याच्या दिशेनं गेला आणि एका टांग्यात बसून परत आला. कडूबाचं सगळ्यात वाईट. पळत यायचा, पाय उचलायचा, आणि रेषा आली की तो पाय आपोआप बॉलवर टेकायचा. वहाबसाहेबांनी रेषा पुसून टाकली. तर रेषा जिथं असायला हवी होती तिथं तो थांबला.

“नजर चांगली आहे तुझी,” वहाबसाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून शिवी कधी आलीच नाही. त्या आठवड्यात आली असती तर आम्हालाच बरं वाटलं असतं.

बी मात्र ताणा घरी ठेवूनही रोज येऊन बसायच्या. म्हणाल्या, सवय झाली.

बारावा दिवस उजाडला. जालनेवाले सकाळच्या गाडीनं आले. स्टेशनवर सदरसाहेब स्वतः गेले होते; एवढ्या आदबीनं त्यांना आणलं की आमचं तिथंच अर्धं बळ गेलं. दुपारी तीनला मॅच. रेफ्री म्हणून छावणीतले एक पेन्शनर सुभेदार होते, मिशा पांढऱ्या, शिट्टी पितळेची.

पहिल्या अर्ध्यात आमचा हल्ला बांबूंच्या बाजूला होता आणि पक्का गोल मी सांभाळत होतो. दोन गोल खाल्ले. पण मी दोन्ही वेळा उडी मारली, हे इथं नोंदवून ठेवतो. बॉल थांबायची वाट बघितली नाही. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. मी बांबूंमध्ये गेलो, वहाबसाहेब झेंडा घेऊन माझ्याबरोबर आले. पक्का गोल आता लांब, समोर, आणि त्याच्या मागे काळ्या बुरख्यातला एक ठिपका. बी आपल्या जागेवर बसल्या होत्या. तिसरा गोल मी तिथं खाल्ला.

“किती वेळ राहिला असेल?” वहाबसाहेबांनी विचारलं.

“दहा मिनिटं, साहेब.”

“फर्दापूरला थंडी फार असते म्हणतात,” ते म्हणाले. मग झेंडा दुसऱ्या हातात घेऊन: “कडूबाकडे लक्ष दे. मी गेल्यावर तो शाळा सोडायला बघेल. सोडू देऊ नकोस.”

सतरा वर्षांच्या गोलकीपरनं मॅच चालू असताना रडू नये, एवढं मला कळत होतं.

तेवढ्यात सांडू सुटला. पाठी हलायला लागल्या. फारूखनं बॉल दिला, आणि त्या दिवशी तरी आधी तोल सावरला नाही. कडूबा गर्दीत शिरला आणि पहिल्यांदाच गर्दीतून पलीकडे बाहेर पडलेला दिसला. गोलकीपर पुढे झेपावला, चुकला, आडवा झाला. सताड उघडा गोल. कडूबा रेषेवर पोचला.

आणि थांबला. पाय बॉलवर.

वहाबसाहेबांचा झेंडा खाली आला. जालन्याचा तो ढोल्या बॅक धावलासुद्धा नाही. त्याला आमची खोड माहीत होती. तो बाजारातून भाजी आणायला निघाल्यासारखा चालत निघाला.

तेव्हा तो काळा ठिपका उभा राहिला, आणि सगळ्या मैदानाला, शाळेला आणि बहुतेक स्टेशनलाही ऐकू जाईल अशा आवाजात बी ओरडल्या, “अरे मार ना रे, मुडद्या! सूत घर में है मेरा!”

कडूबा दचकला. आणि दचकून त्यानं मारली. वीतभर अंतरासाठी त्यानं कोसभराची लाथ घातली. शाळेत आल्यापासून सहा वर्षं दाबून ठेवलेल्या सगळ्या लाथा त्या एका लाथेत होत्या. बॉल खांबांतून, बींच्या कानाजवळून, मैदानाच्या पार निघून गेला. आमच्या गोलला जाळी नव्हती. बॉल आणायला पुढे दोघांना पाठवावं लागलं.

जालन्याच्या कप्तानानं तक्रार केली. बघायला आलेल्या बाईनं खेळाडूला सांगितलं, हा गोल धरू नका. सुभेदार चालत बींजवळ गेले. आम्ही सगळे मागोमाग.

“बाई, आप मॅच देखने आये?”

“नक्को बाबा. मैं कायको देखूँ? मैं यहींच बैठती. नौ साल से.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला, बसायच्या जागेवरची झिजलेली माती बघितली, आणि निर्णय दिला की बाई प्रेक्षक नाहीत, मैदानाचा भाग आहेत. शिट्टी वाजली. गोल.

आम्ही तीन-एक हरलो. जालनेवाल्यांना आमचा आनंद काही केल्या कळेना. त्यांच्या कप्तानानं तर दोनदा विचारलं की जिंकलं नक्की कोण. सदरसाहेब लगबगीनं आले, वहाबसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “हार मुबारक, वहाबमियाँ. मी आजच लिहून टाकतो. एक गोल. शाईनं लिहितो.”

वहाबसाहेब बाजूला जाऊन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. बराच वेळ बांधत होते. त्यांच्या पायात पंप होते, त्यांना नाडी नसते. पण आम्हा अकराजणांपैकी कुणी ते दाखवून दिलं नाही.

शेवटी कडूबा जवळ गेला. लाथ इतकी जोरात बसली होती की तो लंगडत होता. “साहेब, हारलो की वो आपुन.”

“हरलो,” वहाबसाहेब उठत म्हणाले. डोळे लाल होते. नाक शिंकरून त्यांनी आमच्यावर एक नजर फिरवली, मोजल्यासारखी, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत. “हातपाय धुवा. घरी जा. उद्या चार वाजता सगळे हजर पाहिजेत. लाथ लांबून मारायला शिकायची आहे.”

“उद्या?” कडूबानं विचारलं. “हितंच?”

“मग काय फर्दापूरला?”